डोक्याला मुका मार लागल्यावर: व्यायाम, डोकेदुखी आणि थकवा कसा सांभाळायचा

स्कूटर खड्ड्यात आदळते, मागे एका बाजूला बसलेल्या बाईंचा तोल जातो आणि डोकं रस्त्यावर आपटतं. किंवा घरातच ओल्या बाथरूममध्ये पाय सरकतो. रक्त नाही, टाका नाही, सीटी स्कॅनचा रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर सांगतात, ‘कन्कशन आहे (म्हणजे धक्क्याने मेंदूचं कामकाज तात्पुरतं बिघडलं आहे), आराम करा.’ प्रश्न पडतात ते घरी आल्यावर. आराम म्हणजे नेमका किती? उठून चार पावलं चाललं की कपाळ ठणकतं, मग चालायचं की नाही? आणि नुसतं बसूनही एवढं गळून का जायला होतं?

ज्यांना डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांनी अजून दाखवलंच नाही, त्यांनी आधी दाखवावं.

आधी धोक्याच्या खुणा

पहिले दोन दिवस घरात कोणीतरी सोबत हवंच. डोकेदुखी कमी न होता वाढतच चालली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, फिट आली, बोलणं अडखळू लागलं, हातापायातली ताकद गेली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसू लागली, नाकाकानातून पाण्यासारखं काही गळू लागलं, माणूस भलतंच बोलू लागला किंवा झोपेतून उठवताच येईना, तर वाट पाहू नका. थेट हॉस्पिटल गाठा किंवा 108 ला फोन करा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर आणखी सावध राहा. म्हाताऱ्या माणसांत मेंदूभोवती हळूहळू साचणारं रक्त दोन-तीन आठवड्यांनीही त्रास देऊ लागतं. चालताना झोक जाणं, विसरभोळेपणा अचानक वाढणं याला ‘वयच झालं आता’ म्हणून सोडून देऊ नका.

‘झोपू देऊ नका, रात्रभर जागं ठेवा’ हा सल्ला अजूनही घरोघरी मिळतो. डॉक्टरांनी तपासलं असेल आणि वरची कोणतीही खूण नसेल, तर झोपू द्या. झोप हवीच असते.

स्कॅन नॉर्मल, मग त्रास कशाचा?

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीचं फ्रॅक्चर दिसतं. कन्कशनमधला बिघाड पेशींच्या कामकाजात असतो, म्हणून तो तिथे दिसत नाही. धक्क्याने मेंदूच्या पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ते पुन्हा जागच्या जागी आणायला पेशींना एरवीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा थोडा कमी झालेला असतो. खर्च वाढला आणि आवक घटली, म्हणून थकवा. शिवाय नाडीचा वेग आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची आपोआप चालणारी यंत्रणाही विस्कळीत होते, त्यामुळे जिना चढला की डोकं ठणकतं. कन्कशन व्हायला बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही.

हे घरच्यांनाही वाचून दाखवा. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे, दिसायलाही ठणठणीत आहेस’ हे वाक्य या काळात फार ऐकावं लागतं.

पहिले दोन दिवस

24 ते 48 तास तब्येतीने घ्या. मात्र पडदे ओढून, दार लावून, अंधारात पडून राहायची गरज नाही. पूर्वी तसंच सांगत असत. 2015 साली ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात काही मुलांना पाच दिवस कडक विश्रांती सांगितली होती आणि बाकीच्यांना एक-दोन दिवस. पाच दिवसवाल्यांनीच जास्त तक्रारी नोंदवल्या. तेव्हा आंघोळ, जेवण, घरातल्या घरात फिरणं, गॅलरीत बसणं, हळू आवाजात गप्पा हे सगळं चालेल.

मोबाइल मात्र बाजूला ठेवा. 2021 साली अमेरिकेत 12 ते 25 वयाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत, पहिले 48 तास स्क्रीनपासून दूर राहिलेल्यांपैकी निम्मे साडेतीन दिवसांत बरे झाले. स्क्रीन वापरणाऱ्यांत तोच टप्पा गाठायला आठ दिवस लागले. दोन दिवसांचं पथ्य आहे, एवढं जमायला हरकत नाही. पुढे स्क्रीन थोडी थोडी सुरू करा. दारू पूर्ण बंद. गाडी चालवणं बंद, दुचाकी तर नक्कीच.

आणि भेटायला येणारी मंडळी! आजाऱ्याला भेटायला न जाणं आपल्याकडे वाईट दिसतं, म्हणून सगळे येतात, प्रत्येकाला अपघात पहिल्यापासून सांगावा लागतो आणि संध्याकाळी रुग्ण कपाळ धरून बसतो. घरातल्या एका माणसाने हे काम अंगावर घ्यावं: फोन त्यानेच उचलायचे, ‘पुढच्या आठवड्यात या’ असं त्यानेच सांगायचं.

दोन आकडे आणि एक तास

तिसऱ्या दिवसापासून (बरं वाटत असेल तर दुसऱ्याच दिवसापासून) हालचाल वाढवायची. किती, हे ठरवायला एक साधी मोजपट्टी आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिथल्या तज्ज्ञांनी मान्य केलेला हा नियम खेळाडू नसलेल्यांनाही वापरता येतो.

चालायला निघण्याआधी स्वतःला विचारा: आत्ता त्रास 0 ते 10 मध्ये किती आहे? समजा 3. चालताना तो 4 किंवा 5 झाला आणि थांबल्यावर तासाभरात पुन्हा 3 वर आला, तर काही बिघडलेलं नाही. उद्या तेवढंच किंवा किंचित जास्त करा. दोनपेक्षा जास्त आकड्यांनी वाढला, म्हणजे इथे 5 च्या वर गेला, किंवा तास उलटूनही उतरला नाही, तर आजचा डोस जास्त झाला. तिथेच थांबा आणि उद्या कमी करा. पण शून्यावर जाऊ नका.

शेवटच्या वाक्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. एक दिवस डोकं जास्त दुखलं की घरचे चालणं बंद करून टाकतात, मग आठवडा अंथरुणात जातो आणि पुढच्या वेळी पाच मिनिटांतच धाप लागते. व्यायामाने थोडी डोकेदुखी वाढली म्हणजे मेंदूला नव्याने इजा झाली असं नसतं. मर्यादा कुठे आहे, एवढंच त्यातून कळतं.

चालण्यापासून सुरुवात

अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी ट्रेडमिलची एक चाचणी तयार केली. रुग्णाला ट्रेडमिलवर चालवायचं, दर मिनिटाला चढ थोडा वाढवायचा आणि त्रास वाढला की थांबून नाडी मोजायची. त्या नाडीच्या 80 ते 90 टक्क्यांवर रोज 20 मिनिटं व्यायाम. 2019 साली त्यांनी 13 ते 18 वयाच्या खेळाडूंवर केलेल्या चाचणीत, असा व्यायाम करणाऱ्यांना बरं व्हायला साधारण 13 दिवस लागले आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना 17. फरक चार दिवसांचा, पण औषधाशिवाय मिळालेला. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे ही चाचणी होत असेल तर जरूर करून घ्या.

होत नसेल तर घरच्या घरी असं करा. 220 मधून वय वजा केलं की नाडीचा कमाल वेग अंदाजे मिळतो. वय 35 असेल तर 185. त्याच्या 55 टक्के म्हणजे मिनिटाला सुमारे 102 ठोके. सुरुवातीला यापुढे जायचं नाही. ते निभावलं की 70 टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण 130. मनगटावर बोटं ठेवून 15 सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. स्मार्ट वॉच असेल तर तेही चालेल. अर्धशिशीसाठी किंवा ब्लडप्रेशरसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी मुळातच कमी राहते, तिथे हा हिशेब लागू पडत नाही. मग बोलण्यावरून ओळखा: हलक्या चालीत गाणं गुणगुणता येतं, मध्यम चालीत बोलता येतं पण गाता येत नाही.

पहिल्या दिवशी सपाट जागी दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. सोसायटीचं आवार, गच्ची, शाळेचं मैदान, जिथे हॉर्न आणि गर्दी नसेल अशी जागा. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत उरका, कारण उन्हाने दुखलं की चालण्याने दुखलं हेच कळेनासं होतं. निभावलं तर 15 मिनिटं, मग 20. वीस मिनिटं सलग जमू लागल्यावर वेग वाढवा, आणि त्यानंतरच चढ किंवा जिना. वेळ, वेग आणि चढ यांतली एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. उभं राहिलं की भोवळ येत असेल तर जागेवरची सायकल बरी. तिच्यावर डोकं स्थिर राहतं.

योग करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. डोकं खाली जातं ती आसनं, म्हणजे शीर्षासन, सर्वांगासन आणि सूर्यनमस्कारही, सध्या नकोत. कपालभाती, भस्त्रिका नको. सावकाश अनुलोम-विलोम, शवासन, खांद्यांच्या हालचाली चालतील. जिममधली वजनं सर्वांत शेवटी, कारण श्वास रोखून जोर लावला की डोक्यातला दाब वाढतो. कुंथून शौच करणंही त्यातच आलं. दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, तेव्हा पाणी आणि पालेभाज्या पोटात जाऊ द्या.

घरकामही व्यायामातच मोजा. वाकून केर काढणं, बसून फरशी पुसणं, पाण्याच्या बादल्या उचलणं, पिठाचा डबा वरून काढणं यात वाकणं, उठणं, जोर लावणं सगळं येतं. सकाळी ‘फक्त दहा मिनिटं चालले’ म्हणणाऱ्या बाईंनी त्याआधी दोन तास हेच केलेलं असतं आणि मग डोकं दुखल्याचं खापर चालण्यावर फुटतं. पहिले दोन आठवडे केर-फरशी दुसऱ्या कोणाकडे तरी गेली पाहिजे. घरातल्या पुरुषांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

डोकेदुखी: आधी ओळखा, मग गोळी

मारानंतरची डोकेदुखी सगळ्यांची एकसारखी नसते. एका बाजूला ठणका, मळमळ, उजेड-आवाज नकोसा होणं, ही अर्धशिशीच्या जातीची. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दडपण ही ताणाची. आणि मानेच्या वरच्या टोकातून सुरू होऊन डोक्यावरून डोळ्यामागे येणारी, मान वळवली की वाढणारी, ही मानेची. डोक्याला हिसका बसतो तेव्हा मानेलाही बसतोच, आणि हे कारण सर्वांत जास्त निसटतं. या तिसऱ्या प्रकारात गोळ्यांपेक्षा मानेच्या फिजिओथेरपीने फरक पडतो. चांगल्या फिजिओथेरपिस्टने पहिल्याच भेटीत मान तपासली पाहिजे. न तपासता नुसतं यंत्राने शेक द्यायला सुरुवात केली, तर दुसरा शोधा. मानेला मालिश आणि कडाकडा आवाज काढून देणारा न्हावी या काळात अजिबात नको.

गोळ्यांचं गणित समजून घ्या. पहिल्या एक-दोन दिवसांत सहसा पॅरासिटामॉल सांगतात. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रक्तस्रावाच्या शंकेने तेव्हा टाळतात. पुढे अडचण वेगळीच होते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, आणि कॅफीन वगैरे मिसळलेली मिश्र गोळी महिन्यातून 10 किंवा जास्त दिवस घ्यायची सवय काही महिने चालली, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखू लागतं. गोळीचा असर उतरला की ठणका, ठणका लागला की पुन्हा गोळी. मेडिकलच्या दुकानातून पान-सुपारीसारख्या या गोळ्या मिळतात, म्हणून कॅलेंडरवर खूण करा. आठवड्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त गोळी लागत असेल तर स्वतःच गोळ्या न बदलता डॉक्टरांना सांगा. रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं आहेत, ती तेच ठरवतील.

उपवास सध्या बाजूला ठेवा. पोट रिकामं राहिलं की दुखतं, हे अर्धशिशीवाल्यांना आधीपासून माहीत असतं, आता बाकीच्यांनाही अनुभवाला येईल. चतुर्थी-एकादशी पुढच्या महिन्यातही येणारच आहे. चहा एकदम तोडू नका, कॅफीन अचानक बंद झाल्यानेही डोकं दुखतं. रोजचे दोन कप ठरल्या वेळी घ्या, दुपारी चारनंतर नको. उन्हात काळा चष्मा ठीक, पण घरात दिवसभर लावून बसलात तर डोळे उजेडाला आणखीच हळवे होतात. रोज थोडा थोडा उजेड वाढवत न्या.

वहीत रोज एक ओळ लिहा: डोकं किती वाजता दुखलं, त्याआधी काय केलं, किती झोप झाली, गोळी घेतली का. डॉक्टरांपुढे ‘सारखंच दुखतं हो’ म्हणण्यापेक्षा ही दोन आठवड्यांची वही जास्त बोलते.

थकवा

डोकेदुखी घरच्यांना पटते, थकवा पटत नाही. दहा मिनिटं हिशेब लिहिला आणि झापड आली, हे ऐकायलाच विचित्र वाटतं. पण वर सांगितलेली खर्च-आवक लक्षात घेतली तर त्यात नवल नाही.

या थकव्याची ठरलेली चाल आहे. एखाद्या सकाळी खूप बरं वाटतं. माणूस साठलेलं सगळं उरकायला घेतो: बँक, कपाटं, राहिलेले फोन. संध्याकाळी कोसळतो आणि पुढचे दोन दिवस उठवत नाही. त्यातून सावरला की पुन्हा तेच. हे चक्र मोडायचं तर दिवसाला मिळालेला शिधा मोजून वापरा. बरं वाटलेल्या दिवशीही ठरवलेलंच करा, वाईट दिवशीही ठरवलेल्यातलं थोडं करा.

रोजच्या कामांच्या दोन याद्या करा, डोक्याची आणि अंगमेहनतीची, आणि आलटून पालटून करा. डोक्याचं काम सकाळी ताजं असताना. मोबाइलवर टायमर लावा: 20 मिनिटं काम, पाच मिनिटं डोळे मिटून शांत. त्या पाच मिनिटांत मोबाइल पाहणं ही विश्रांती नव्हे. थांबायचं ते टायमर वाजल्यावर, गळून गेल्यावर नव्हे. एका वेळी एकच काम. टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या आणि मुलांचा अभ्यास घेणं हे तिन्ही एकदम झेपणार नाही. लग्नाला जावंच लागलं तर अक्षता टाकून, जेवून निघा, बँडपासून लांब बसा. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशांसमोर उभं राहणं या वर्षी जाऊ द्या.

पहिल्या काही दिवसांत कितीही झोप आली तरी झोपा. त्यानंतर उठण्याची वेळ ठरवून घ्या आणि सुट्टीलाही तीच पाळा. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची, तीनच्या आत. दुपारी दोन तास झोपून रात्री एक वाजेपर्यंत छत पाहत बसलेला माणूस सकाळी थकलेलाच उठतो.

महिना झाला आणि थकवा तसूभरही हटला नाही, तर सगळंच डोक्यावर ढकलू नका. हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉइड तपासून घ्या. आपल्याकडे ॲनिमिया आणि बी-12 ची कमतरता इतकी आढळते की मार लागण्याआधीपासूनच ती असू शकते. आणि चिडचिड, रडू येणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. त्यावर उपचार केले की डोकेदुखी आणि झोपही सुधारते.

ऑफिस, शाळा, प्रवास

सगळं पूर्ण थांबेपर्यंत घरी बसायची गरज नसते. अर्धा दिवस किंवा घरून काम, मग एक दिवसाआड पूर्ण दिवस, असं वाढवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘विश्रांती’ एवढंच न लिहिता ‘दोन आठवडे अर्धा दिवस, दर तासाला विश्रांती’ असं लिहून घ्या, म्हणजे साहेबांशी वाद होत नाही. विद्यार्थ्यांसाठी शाळेला तशीच चिठ्ठी द्या. वर्गात बसणं आधी, चाचणी परीक्षा नंतर.

प्रवासच अनेकदा कामापेक्षा जास्त थकवतो. लोकलने जाणाऱ्यांनी गर्दीची वेळ टाळावी. रिक्षाचे हादरे मानेला सोसत नाहीत. चालत्या गाडीत मोबाइल वाचू नका, चक्कर आणि मळमळ दोन्ही वाढतात.

मैदानावर परत

31 जानेवारी 2025 ला पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या टी-20 सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी हर्षित राणा उतरला. फलंदाजी अष्टपैलूच्या बदल्यात वेगवान गोलंदाज कसा, यावर किती वाद झाला! क्रिकेटमध्ये ऑगस्ट 2019 पासून असा बदली खेळाडू घेता येतो, आणि हा नियम ज्यासाठी आहे ती गोष्ट त्या वादात कोणी बोललंच नाही: डोक्याला मार लागल्याची शंका आली की त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही. गल्लीतला टेनिस बॉलचा सामना असो, कबड्डी असो की कुस्ती. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर बरं व्हायला खूप जास्त काळ लागतो, आणि कोवळ्या वयात क्वचित तो जिवावरही बेततो.

परतीचे टप्पे सहा: रोजची हालचाल, चालणं-सायकल, एकट्याने धावणं आणि खेळाच्या हालचाली, धक्का लागणार नाही असा संघासोबतचा सराव, पूर्ण सराव, सामना. प्रत्येक टप्प्याला किमान 24 तास द्या. चौथ्या टप्प्यावर जाण्याआधी रोजचे त्रास पूर्ण थांबलेले हवेत आणि डॉक्टरांची परवानगी हवी. दहीहंडीचा थर हा सहावा टप्पा समजा, मंडळाने कितीही आग्रह केला तरी.

चार आठवड्यांनंतरही त्रास असेल तर

बहुतेक लोक महिनाभरात सावरतात. ज्यांचं तसं होत नाही त्यांनी ‘अजून वेळ लागेल’ म्हणून थांबू नये, कारण शोधावं. अंथरुणात कूस बदलली की खोली गरगर फिरत असेल तर कानाच्या आतल्या भागात सूक्ष्म खडे सरकलेले असू शकतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते जागेवर आणतात आणि अनेकांना एक-दोन भेटींतच आराम पडतो. वाचताना अक्षरं दुहेरी दिसत असतील तर नुसता चष्म्याचा नंबर तपासून भागत नाही, दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळतात का हे पाहायला सांगा. मान, तोल, डोळे, झोप आणि मन, या पाचांपैकी काय उरलं आहे ते न्यूरॉलॉजिस्टसोबत बसून ठरवा. जाताना वही न्या.

दुचाकी सर्वांत शेवटी. मान दोन्ही बाजूंना न दुखता वळली पाहिजे, चक्कर नको, झापड आणणारी गोळी चालू नको. आणि अपघातात आदळलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. त्याच्या आतलं फोम एकदाच दबतं, बाहेरून चीर दिसत नसली तरी त्याचं काम संपलेलं असतं. नवीन घेताना आयएसआयचा शिक्का आणि आयएस 4151 हा क्रमांक पाहून घ्या, आणि मागे बसणाऱ्यासाठीही एक घ्या.